घोड्याची पूजा उद्या

रविवार कारंज्यावर झेंडूचे ढीग लागले की बाकीच्यांचं नाक आधी जागं होतं, माझे कान. वाटतं, आता ठोके थांबणार. खरं तर थांबायला ठोके उरलेत कुठे? आमच्या कॉलेज रोडच्या बिल्डिंगीत सकाळी कुकरच्या शिट्ट्या वाजतात, खाली कोणाची तरी स्कूटर खोकत राहते, आणि तरी मला सगळं शांतच वाटतं. तांबट आळीत जन्मलेल्या बाईला याहून वेगळं काय वाटणार?

आमच्या आळीत पहाटे पहिली हातोडी पडली की दिवस सुरू व्हायचा. एका घरातून घंगाळाचा भरदार ठोका, शेजारून तांब्याचा नाजूक, समोरून हंड्याचा. घरोघरी माणसं बोलत नसत, ओरडत. माझ्या आईचा आवाज लग्नाआधी मंजुळ होता म्हणे. निफाडहून लग्न होऊन आली आणि वर्षभरात तिला गल्लीच्या टोकावरून भाजीवाली ऐकू लागली. सासरी आलेल्या नव्या सुनांना महिनाभर झोप लागत नसे. आम्हा आळीतल्या पोरींचं उलट. मी आजोळी निफाडला गेले की तिथल्या शांततेत टक्क जागी राहायची. घड्याळ होतं आमच्या घरी, पण ते भिंतीला शोभा म्हणून. उठायचं ते ठोक्यावर, आणि निजायचं ते ठोके थांबल्यावर.

वर्षातून एकच दिवस आळी गप्प असे, खंडेनवमीचा. त्या दिवशी हत्यारांची पूजा. हातोड्या, सांडशी, ऐरण, सगळं आदल्या संध्याकाळीच चिंचेनं घासून, तेलाचं बोट फिरवून पाटावर मांडायचं. नवमीला त्यातलं काही उचलायचं नाही. वर्षभर राबतात, एक दिवस बसू देत, असं दादा म्हणायचे. दादा म्हणजे माझे वडील. ते फार देवभोळे नव्हते, एकादशीला बटाट्याचा कीस मिळतो म्हणूनच उपास करत. पण खंडेनवमीच्या बाबतीत कोणाचं ऐकत नसत. एका वर्षी त्यांच्या धाकट्या भावानं घाईचं गिऱ्हाईक म्हणून नवमीला हातोडी उचलली आणि स्वतःचाच अंगठा ठेचून घेतला. तो अंगठा पुढे आमच्या घरात शास्त्रासारखा दाखवला जाई.

मी सांगतेय ती खंडेनवमी नाशिकची ट्राम बंद झाली त्या वर्षाची. मेन रोडवरून निघून नाशिकरोडच्या स्टेशनाला जाणारी ती ट्राम चालायची आपल्या मर्जीनं, पण चालायची. मी सातवीची फायनल पास झाले, ट्रेनिंग केलं, नाशिकरोडला मुलींच्या शाळेत हंगामी मास्तरीण म्हणून लागले, आणि थोड्याच दिवसांत ट्राम गेली. आळीतल्या भागाकाकू म्हणाल्या, "गोदीचा पायगुण!" भागाकाकू समोरच्या घरात राहत, आणि त्यांचं अर्धं आयुष्य आमच्या दारात जाई.

मग टांगा. टांगेवाला माणूस भला होता, पण घोड्यापुढे त्याचं काही चालत नसे. नासर्डी नदीच्या पुलाशी आला की घोडा थांबायचा. का थांबायचा ते त्यालाच ठाऊक. उतरून गोंजारा, गूळ द्या, शिव्या द्या. त्याचा विचार पुरा होईपर्यंत तो हलत नसे. एकदा उशीर झाला, दुसऱ्यांदा झाला. आमच्या हेडबाई करड्या होत्या. कमरेला खोचलेलं घड्याळ काढून त्या म्हणाल्या, "हे पाहा गोदावरीबाई, तुम्ही शिकवता छान. पण प्रार्थनेच्या आधी शिक्षिका वर्गावर नसेल तर मुलींनी काय घ्यायचं तिच्याकडून? आणखी एकदा उशीर झाला, तर दिवाळीनंतर येऊ नका. नाही झाला, तर कायम करते."

कायम! या शब्दानं मला काय व्हायचं ते आजच्या पोरींना कळणार नाही. आमच्या आळीतून आजवर एकही मुलगी कोणत्याच ठिकाणी कायम झाली नव्हती; स्वयंपाकघर सोडून, अर्थात. मला ती शाळा हवी होती. ते फळ्याचं लाकूड, पहिलीतल्या मुलींच्या तेल लावलेल्या वेण्या, चाळीस तोंडांनी एकदम म्हटलेला बेचा पाढा. आळीच्या गोंगाटावर मात करणारा माझा आवाज तिथे पहिल्यांदा उपयोगी पडला होता.

सायकलची कल्पना हुसेनचाचांची. दूध बाजाराच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. स्टोव्ह, कंदील, सायकली, जे काही बंद पडेल ते तिथे येई. दादांचे ते लहानपणचे दोस्त. दोघे एकाच उस्तादाकडे तालीम करत आणि दोघांनाही कुस्ती यायची नाही. चाचा म्हणाले, "घोडा ऐकत नाय तर लोखंडाचा घोडा घे. गूळ बी नको त्याला."

नवी सायकल म्हणजे वकील-डॉक्टरांचं काम. शिवाय पितृपक्ष लागलेला. आईनं लगेच सांगितलं, "पंधरवड्यात घरात नवीन काही आणायचं नाही." दादा हातातला तांब्या फिरवत म्हणाले, "नवीन नाहीच आणायचं. जुनं आणायला कोणाची ना आहे? उलट, जितकं जुनं तितके पितर खूश."

आणि मग पितरांना खूश करणं सुरू झालं. देवळालीच्या कँपातून निघालेला एक सांगाडा चाचांनी आणला. पुरुषी, मधल्या आडव्या नळीचा. चाचा चुकचुकले, "बेटी, लेडीज नाय मिळाली." पण नऊवारी नेसणाऱ्या बाईला त्या नळीची काय मातब्बरी? काष्टा घातलेला, पाय मोकळे. मला तर वाटतं, नऊवारी जिनं शोधली तिला पुढे सायकल येणार हे ठाऊक असावं. मागचं चाक, टपालाच्या कॅरियरसकट, एका पोस्टमनच्या सायकलचं, तो बिचारा बदलून गेला तेव्हा मागे राहिलेलं. पुढचं कुठलं ते चाचांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते मागच्यापेक्षा लहान निघालं. जोडल्यावर सायकल पुढे झुकून उभी राहिली, वडीलधाऱ्यांना नमस्कार करायला वाकावी तशी. मी हिरमुसले. चाचा मात्र कौतुकानं मागे सरून बघत म्हणाले, "अच्छाच झालं. पुढचं चाक छोटं, तर चढावर बी उतारच वाटेल तुला." यात काही गणित चुकतंय हे मला कळत होतं, पण त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मी मान डोलावली. गंमत म्हणजे पुढे कितीतरी वर्षं मला चढ खरंच उतारासारखा वाटत राहिला.

पॅडलचे लाकडी ठोकळे आले, टांग्याच्या जुन्या गादीतून बसायची जागा झाली. तिच्यात काथ्या इतका ठासून भरला होता की पहिले आठ दिवस मी वर्गात उभ्यानंच शिकवत होते. ब्रेक पुढचा लागे, मागचा लागल्यासारखं करी. चिखलपत्रा मात्र दादांनी स्वतः केला. तांब्याचा! लोखंडाचा पत्रा आमच्या घरात कोण आणणार? घंगाळाच्या पत्र्यातून एक लांब पट्टी कापली, गोलाई दिली, आणि सवयीनं त्यावर मठार घातलं. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे शेजारी शेजारी बसवलेले ते चमकते खळगे असतात ना, ते मठार. दोन्ही चाकांवर ती नक्षी! चाचांनी कपाळाला हात लावला, "अरे, ही काय वरातीत चालली का?" दादा शांतपणे म्हणाले, "जाते तर जाऊ दे."

उन्हात ती सायकल अशी झळकायची की बघणाऱ्यानं डोळे मिटावेत. वजनाला भारी, खड्ड्यात खणखणाट. मी तिच्यावर जीव टाकला. अजूनही कुठे बंबाचा घासलेला तांबडा रंग दिसला की मला पाणी नाही, रस्ता आठवतो.

नवरात्रात तपोवनाच्या रस्त्यावर शिकले. दादा मागून गादी धरून धावायचे आणि चाचा पुढून उलटे पळत "मेरे तरफ देख, चाक मत देख" असं ओरडायचे. कुस्तीत न कमावलेला दम दोघांनी तिथे कमावला. एका सकाळी मागचा आवाज थांबला म्हणून वळून पाहिलं, तर दादा लांब, वडाखाली, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे. त्यांनी सोडलं कधी, मला कळलंच नव्हतं. कळल्यावर मात्र मी लगेच पडले. आळीत परतताना भागाकाकूंनी दारातूनच हाळी दिली, "अगंबाई, गोदी घोड्यावर बसली! आता तलवार तेवढी द्या हातात." आई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. काकूंचं कोणतंही वाक्य ती वाया जाऊ देत नसे.

अष्टमीला सायकल पुरी झाली, फक्त घंटी तेवढी मिळाली नाही. चाचा म्हणाले, दसरा होऊ दे, आणतो. दादांनी त्या संध्याकाळी हत्यारं घासली, ओळीनं मांडली आणि ओळीच्या टोकाशी सायकल उभी केली. पाना, पकड, पंपही पाटावर. मी म्हटलं, "दादा, उद्या शाळा आहे. सुटी फक्त दसऱ्याची." ते म्हणाले, "उद्या टांग्यानं जा, पहाटे नीघ. आयुष्यातली पहिली नवमी आहे तिची. बसू दे." ते मला पटलंही. माझं पटणं महत्त्वाचं नव्हतंच, पहाटे उठणं महत्त्वाचं होतं.

आणि नेमकी तिथेच आमच्या घराची फसगत झाली. पहाट झाली, उजाडलं, कौलांतून उन्हाची तिरीप आत आली, पण हातोडी कोण मारणार? ठोका नाही म्हणजे पहाट नाही, असं आमच्या अंगाला शिकवलेलं. सगळी तांबट आळी त्या गोड शांततेत घोरत पडली होती. दरवर्षी खंडेनवमीला आळी उशिरा उठायचीच, पण त्या दिवशी कोणाला कुठे जायचं नसे. म्हणून हे कधी कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. जाग आली ती भागाकाकूंच्या किंकाळीनं. "मेले, दूध तापवायचं राहिलं!"

मी उठून वेणी घालेपर्यंत टांगा निघून गेला होता. दुसरे टांगे होते, पण त्यांचे घोडे दसऱ्यासाठी न्हाऊन निघत होते. मी दारात उभी राहिले आणि मला रडू फुटलं. हेडबाईंचं घड्याळ मला इथून दिसत होतं. दादा माझ्याकडे बघत, मग सायकलकडे, मग त्या पाटावरच्या हातोड्यांकडे. त्यांना माझी नोकरी नको होती असं नव्हे. ती त्यांना माझ्याइतकीच हवी होती. पण त्यांच्या डोळ्यांपुढे तो ठेचलेला अंगठा होता. हत्याराला त्याच्या दिवशी उठवलं तर ते उलटतं, आणि या वेळी त्यावर त्यांची मुलगी बसणार होती.

"हत्यार आहे गं ते, गोदू," ते म्हणाले, अगदी हळू. आमच्या घरात कोणी इतकं हळू बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. "कोण म्हणतं हत्यार? भागाबाईंनी सगळ्या आळीला सांगितलंय, गोदी घोड्यावर बसली म्हणून. हत्यारांची पूजा नवमीला, घोड्याची दसऱ्याला. घोड्याची पूजा उद्या. मग आज घोडा मोकळा."

शास्त्रात तोड सापडली की दादांना फार आवडायचं, मग ती त्यांच्या विरुद्ध का असेना. तरी शेवटची हरकत त्यांनी घेतलीच, "अगं, पण घंटी नाही. ब्रेक असा, मेन रोडला गर्दी, आज घरात ठोकायला काही उचलता येत नाही..."

आई देवघरात गेली आणि पूजेची घंटा घेऊन आली. निफाडहून तिच्याबरोबर आलेली, वर गरुड असलेली पितळी घंटा. तिनं ती लाल दोऱ्यानं हँडलला करकचून बांधली, आणि लोलकाला दुसरा दोरा बांधून त्याचं टोक माझ्या बोटात दिलं. "देव आहेत बरोबर. ऊठ."

त्या मुक्या आळीतून मी निघाले तेव्हा घंटेचा पहिला आवाज असा घुमला की दोन्ही बाजूंची दारं उघडली. आणि मग सुरू झाली खरी पंचाईत. सायकलची घंटी ऐकून माणसं बाजूला होतात. पूजेची घंटा ऐकून नाशिकचा माणूस काय करतो? थांबतो, डोळे मिटतो, हात जोडतो. भद्रकालीत एक म्हातारा भर रस्त्यात उभा राहून पुटपुटू लागला. मी जितकी वाजवावी तितकी त्याची भक्ती वाढे. शेवटी त्याला प्रदक्षिणा घालून पुढे गेले. फुलवाल्या बाईनं "कोणत्या देवाची गं पालखी?" म्हणत मूठभर झेंडू माझ्या अंगावर टाकला. झळकता तांब्याचा पत्रा, पुढे वाकलेली सायकल, घंटानाद. तिचा तरी काय दोष? मी ओरडत होते, "सरका, सरका हो, शाळा आहे!" आणि मला हसू येत होतं. नोकरी जायची वेळ आली होती आणि मी नासर्डीच्या पुलावरून एकटी, मोठ्यानं हसत चालले होते. पुलावर माझा घोडा थांबला नाही.

पण पलीकडचा चढ लागला तेव्हा छातीत भाता चालू लागला. पुण्याच्या रस्त्यावरचं ते ऊन, दोन्ही बाजूंना बाजरीची कणसं, आणि लांब रेल्वेचा धूर. उशीर झाला होता. हे मला शाळेचं छप्पर दिसण्याआधीच कळलं होतं.

शाळेच्या अंगणात लिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला असे. शिपाई भिकाजी त्यावर लोखंडी दांडा मारून शाळा भरवायचा. मी फाटकाशी पोचले तेव्हा मुली इकडे तिकडे पळत होत्या, रुळाला झेंडूची माळ होती, आणि त्याखाली हेडबाई नि भिकाजी समोरासमोर उभे होते.

"भिकाजी, शेवटचं सांगते, टोल दे!"

"बाई, मी नाय म्हनतो का? पर दांडा घरी पूजंला बसलाय. आन रूळ बी हत्यारच की. माळ घातलीया. आज त्याला मारायचं म्हंजी लय वंगाळ."

"मग शाळा कशी भरायची?"

त्याच वेळी माझा मागचा ब्रेक लागल्यासारखं करून न लागल्यामुळे मी फाटकातून आत, अंगणातून सरळ लिंबाकडे, बोटातला दोरा ओढत आले. मुलींनी घंटा ऐकली. नाशिकच्याच मुली त्या. जिथे होत्या तिथे थांबल्या, रांगा धरल्या, हात जोडले, आणि एकीनं सूर लावताच प्रार्थना सुरू झाली. मी लिंबाला टेकून थांबले. लिंबानं मला थांबवलं म्हणणं जास्त बरोबर.

प्रार्थना संपेपर्यंत हेडबाईंनी डोळे मिटलेले होते. मग त्यांनी कमरेचं घड्याळ काढलं. माझ्याकडे पाहिलं, घंटेकडे पाहिलं, त्या मठारलेल्या पत्र्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "घंटा झाल्याशिवाय शाळा भरत नाही. आणि शाळा भरलीच नव्हती, तर उशीर कसला?" घड्याळ परत कमरेला गेलं. "वर्गावर जा, गोदावरीबाई. केसांतली फुलं काढून जा."

दिवाळीनंतर मी कायम झाले. त्या सायकलनं पुढे बरंच काही मिळवलं: कार्बाइडचा दिवा, वह्यांसाठी पुढे लोखंडी जाळी, साडीसाठी साखळीवर झाकण, आणि चाचांनी शब्द दिल्याप्रमाणे दसऱ्यानंतर खरी ट्रिंग ट्रिंग घंटी. पुढचं चाक मात्र मी कधी बदलू दिलं नाही. चाचांच्या गणिताचा मान राखला.

पण मला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं. शाळा सुटून परतत होते. नासर्डीच्या पुलाच्या अलीकडे कोणी तरी कठड्याला टेकून उभं. जवळ गेले तर दादा. नवमीला उंबरा न ओलांडणारे दादा, पायी तिथवर आले होते. मी उतरले. त्यांनी आधी माझे हात पाहिले, एकेक बोट, अंगठे दोनदा. मग चाकं पाहिली.

"झाला का उशीर?"

"नाही, दादा."

त्यांनी मान फिरवली आणि पाण्याकडे बघत उपरण्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते. माझ्या लक्षात आलं, त्यांचे ओठ कोरडे पडलेत. "दादा, जेवलात ना?"

"पूजेशिवाय जेवतात का? आणि पूजा घंटेशिवाय कशी करायची?" ते म्हणाले. "तुझी आईपण थांबलीय. चल, हत्यारं वाट बघताहेत."

सकाळी घंटा बांधताना दोघांनाही हे माहीत होतं, आणि दोघांपैकी कोणीही एक अक्षर बोललं नव्हतं. मी त्या पुलावर लहान मुलीसारखी रडले. मग दादांना म्हटलं, बसा मागे. ते नाही नाही म्हणत बसले. माझ्या मागे कॅरियरवर बसून, तांब्याच्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंना पाय सोडून, ते अख्ख्या गावातून तांबट आळीत आले, आणि रस्ताभर मीच घंटा वाजवत होते.

ती घंटा आता माझ्या देवघरात आहे. गरुडाच्या मानेशी दोरा घासल्याची खूण आहे. आज सकाळी पूजा करताना नातीनं विचारलं, "आजी, घंटा वाजवताना तू उजवा पाय का गं हलवतेस?"

मला माहीतच नव्हतं, की मी अजून पॅडल मारते.